भाकरीवर आयोडीनचा थेंब

माझे वडील मेंढरू तोंडावरनं ओळखतात. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. त्याला सगळी मेंढरं सारखीच दिसतात, मान खाली घालून चालणारी. आबांना तसं कधीच दिसलं नाही. कुणाचं कपाळ रुंद, कुणाच्या डोळ्याखाली काळा ठिपका, कुणाचं नाक आईवर गेलेलं. पाण्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले की आबा मधे शिरायचे आणि आपलं एकेक मेंढरू मागच्या पायाला धरून बाजूला काढायचे. कधी चुकले नाहीत.

आमचं गाव पूर्वेकडं, माळाचं. पाऊस तिथं पाहुण्यासारखा येतो, बसत नाही. म्हणून दिवाळीनंतर आमची माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेला, उसाच्या मुलखात उतरतात. तिथले शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर मेंढरं बसली की रानाला लेंडीचं खत मिळतं आणि बदल्यात मेंढक्याला धान्य मिळतं, जेवण मिळतं, चहा मिळतो. आबांनी सारा जन्म हेच केलं. त्यांच्या बरोबर आता माझा धाकटा भाऊ असतो.

त्या साली ते कडेगावच्या बाजूला होते. कालव्यावर दोन कळप मिसळले. आबा नेहमीसारखे मधे शिरले, एक मेंढी मागच्या पायाला धरून ओढली आणि आपल्यात सोडली. ती आपली नव्हती. दुसऱ्यांदाही तेच झालं. समोरचा मेंढका वयानं पोरगेला होता. तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "म्हातारबा, डोळं गेलं असतील तर काठी ठिवा खाली अन् घरात बसा. लोकाची मेंढरं कशापायी वढताय?"

भावानं मला फोन करून एवढंच सांगितलं की आबा बोलेनासे झालेत.

मी मलकापूरला राहते. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी लपवत नाही, सांगतेच. आबांनी मला वसतिगृहात ठेवताना नातेवाइकांची तोंडं बंद केली होती. तेव्हा आबांच्या डोळ्यांचं काय ते बघणं माझं काम होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी रजा टाकली आणि त्यांना सांगलीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तपासणारे डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. ऑपरेशन छोटं आहे म्हणाले, दिसायला लागेल म्हणाले. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांनी मान हलवली. इतक्या साखरेवर डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर आहे तेवढंही दिसणं जाईल. साखर खाली आणा आणि या, पण फार लांबवू नका, मोतीबिंदू पिकत चाललाय.

आबांना साखरेचा आजार आहे हे आम्हाला पूर्वीपासून माहीत होतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या ते नेमानं घेत. पण साखर म्हणजे आमच्या घरात ताप-खोकल्यासारखी नव्हती, दुखत नव्हती, त्यामुळं ती घरात येऊन बसली तरी कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आबा पायरीवर थांबले आणि म्हणाले, "आजपास्नं साखर बंद." आबा असं म्हणाले की ते झालंच. तंबाखू त्यांनी अशीच एका वाक्यात सोडली होती.

ते परत मेंढरांकडं गेले. आणि त्यांनी खरोखरच साखर सोडली.

आता उसाच्या मुलखातली रीत सांगायला पाहिजे. ज्याच्या रानात मेंढरं बसतात त्याच्या घरी सकाळचा चहा घ्यावाच लागतो. शेजारच्या रानवाल्याकडंही घ्यावा लागतो, कारण उद्या मेंढरं तिकडं बसणार असतात. नाही म्हटलं की माणूस दुखावतो. "आमच्या घरचा च्या चालंना व्हय?" असं तोंडावर विचारतात. आबांनी त्याच्यावर तोड काढली. साखरेचा नको, गुळाचा करा. लोकांना कौतुक वाटलं. म्हातारा जुन्या वळणाचा आहे म्हणाले आणि घराघरांतून आबांसाठी खास गुळाचा दाट चहा यायला लागला. गुऱ्हाळं चालू होती. तिथनं जाताना काहिलीतला कोमट गूळ हातावर ठेवत, तोही ते खात. गूळ म्हणजे रानातली वस्तू, साखर म्हणजे कारखान्यातली. आजार साखरेचा, गुळाचा नव्हे. आणि गूळ नसेल तेव्हा बाजरीची भाकरी. बाजरी उष्ण असते, ती रक्तातली साखर जाळते, हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून भाकरी पहिल्यापेक्षा जास्तच चालली होती.

दुसऱ्यांदा सांगलीला गेलो तेव्हा साखर वाढलेली निघाली.

परतीच्या एसटीत आबा खिडकीकडं तोंड करून बसले होते. दोन्ही हात काठीवर. बाहेर त्यांना काय दिसत होतं कुणास ठाऊक, एक पांढुरका धूर दिसत असेल. विटा गाव मागं पडल्यावर ते म्हणाले, "बाय, मी साखरंचा कण तोंडात घातला न्हाई. तुझ्या गळ्याशपथ."

मला माहीत होतं की ते खरं बोलतायत. माझे वडील खोटं बोलत नाहीत, त्यांना ते येतच नाही. मग मी खोदून विचारलं की सकाळपासून काय काय खाता. ते सांगत गेले आणि मी ऐकत गेले. गुळाचे चहा, भाकरी, शेतमालकाच्या घरचा भात, केळी, रानातला ऊस, तोही दात आहेत तोवर. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "ह्यात साखर कुठं हाय?"

त्यांना मी एसटीत काही बोलले नाही. सांगून पटण्यातलं ते नव्हतं.

भावानं मेंढरं सांभाळायची आणि आबांनी काही दिवस गावी राहायचं असं ठरलं. पुढच्या शनिवारी मी औषधाच्या दुकानातनं आयोडीनची छोटी बाटली घेतली आणि गावी गेले. सहावीच्या पोरांना मी हा प्रयोग दरवर्षी दाखवते. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकायचा. पिष्ट असेल तर थेंब निळा-काळा होतो. पिष्ट म्हणजे साखरेचे कण एकमेकांचे हात धरून उभे राहिलेले, लांबच लांब साखळी करून. तोंडात गेलं की लाळ ते हात सोडवायला लागते, पुढं आतडी सोडवतात, आणि रक्तात जाते ती सुटी साखर.

आय चुलीपुढं बसली होती. मी ताटलीत भाकरीचा तुकडा ठेवला, आबांच्या अगदी डोळ्यांजवळ धरला, आणि वर थेंब टाकला.

आमच्या बाजरीची भाकरी राखट असते. त्या राखट रंगावर तांबूस थेंब पडला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग मधनं काळा व्हायला लागला. काळा म्हणजे तव्याच्या बुडासारखा. मी हे इतक्या वर्गांत इतक्या वेळा दाखवलंय, पण आमच्या चुलीपुढं, आयच्या हातच्या भाकरीवर ते बघताना माझ्याच अंगावर काटा आला. ज्या भाकरीवर आम्ही वाढलो, जिला पाय लागला तर नमस्कार करतो, तिच्या आत हे एवढं दडलेलं होतं.

आबांना तेवढं काळं मात्र स्पष्ट दिसलं. त्यांनी बोटानं ते चाचपून बघितलं. आय मात्र चिडली. अन्नावर औषध ओततीस, तुला शाळा शिकवली ती ह्यासाठी का, म्हणून मला बोलली आणि तिनं तो तुकडा उचलून कपाळाला लावला.

"ही काळी म्हंजी साखर?" आबांनी विचारलं.

"साखरेची आई. पोटात गेली की साखर हुतीय."

मग आबांना चेव आला. भात आणा म्हणाले, काळा झाला. बटाटा काळा. गव्हाची चपाती तर बघता बघता काळी. केळ्यावरही डाग उमटला. मग त्यांनी उकडलेलं अंडं आणायला लावलं, त्याच्यावर थेंब तांबूसच राहिला. रात्रीच्या मटणाची फोड, शेवग्याचा पाला, लोणी, काहीच काळं पडलं नाही. प्रत्येक वेळी ते ताटली नाकाला लावून बघत होते. आणि मग त्यांनी गुळाचा खडा मागितला.

गुळावरचा थेंब काळा झाला नाही.

आबांनी मांडीवर थाप मारली. "पास झाला! गूळ पास झाला बग! मास्तरीण, आता बोल." आयसुद्धा हसायला लागली. माझा प्रयोग माझ्यावरच उलटला होता. गुळात साखळी नसतेच, ती आधीच सुटी साखर असते, म्हणून आयोडीन तिला ओळखत नाही; हे मी परोपरीनं सांगितलं. पण ज्या थेंबानं भाकरीला चोर ठरवलं त्यानंच गुळाला सोडून दिलं होतं, आणि आबा काही माझं म्हणणं मान्य करायला तयार नव्हते.

तेव्हा मी पिशवीतनं साखर मोजायचं यंत्र काढलं. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी मोजलं. मग आबांना त्यांचा गुळाचा चहा दिला, ते खूश होऊन प्याले. थोड्या वेळानं पुन्हा बोट पुढं केलं आणि मी आकडा मोठ्यानं वाचला. त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला. मग आयला बोलावून तिलाही वाचायला लावला, तिला आकडे येतात. ती वाचली तेव्हा त्यांनी कप बाजूला सारला.

त्याच्या पुढच्या दिवशी भाकरीचं मोजलं. मग अंडी आणि पालेभाजी खाऊन मोजलं. आकडा जवळजवळ जागचा हललाच नाही. मला पुस्तकातनं माहीत होतं असं होणार, तरी मी यंत्राकडं बघत राहिले. माझ्या बापाच्या रक्ताचा एक थेंब खरं सांगत होता, आणि तो आम्हा तिघांनाही सारखंच सांगत होता, शिकलेल्याला वेगळं आणि न शिकलेल्याला वेगळं नाही.

आम्ही तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घेतल्या, त्या चांगल्या आल्या. मग म्हणाल्या, धान्य कमी करून बघू, पण दोन गोष्टी. हे सगळ्यांना चालतंच असं नाही, तुमच्या वडलांना चालेल असं मला वाटतंय. आणि धान्य कमी झालं की गोळी जास्त पडू शकते. गोळी मी कमी करेन, तुम्ही मनानं हात लावायचा नाही. त्यांनी एक गोळी तिथंच अर्धी केली आणि आम्हाला रोज मोजायला सांगितलं.

काय खायचं हा प्रश्न घरी आल्यावर पडला. आबांनीच तो सोडवला. म्हणाले, पूर्वी रानात होतो तेव्हा पीठ कायम कुठं असायचं? वाकळेत गुंडाळलेलं मूठभर पीठ चार दिवस पुरवायचो. शेळीचं दूध विरजायचं, ताक प्यायचं, लोणी चाटायचं. लंगडं झालेलं कोकरू कापलं तर पुरवून पुरवून खायचं. तांदूळजा, पाथरी, चिघळ, काय हिरवं दिसंल ते मिठावर परतायचं. मूठभर शेंगा खिशात. धान्य घरात साठायला लागलं ते पश्चिमेच्या रानांना उपसा योजनेचं पाणी आल्यावर, ऊस आल्यावर. मी ऐकत होते. माझ्या आजोबांना साखरेचा आजार नव्हता. याच्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं, माणसं तेव्हा चालायचीही किती आणि मरायचीही लवकर. तरी हे ऐकताना मला आमच्या माळाबद्दल पहिल्यांदाच असं वाटलं की तिथल्या उपाशीपणात सगळंच दुःख नव्हतं.

आयला मात्र हे अजिबात मान्य नव्हतं. आमच्याकडं जेवलात का असं कुणी विचारत नाही, भाकर खाल्ली का असं विचारतात. भाकरीबिगर ताट वाढायचं म्हणजे तिच्या लेखी नवऱ्याला उपाशी उठवायचं. पहिल्या दिवशी ताटात पालेभाजी, दोन अंडी, वाटीभर दही आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि ताटाची उजवी बाजू रिकामी राहिली. ती त्या रिकाम्या जागेकडं बघून उठून परसात गेली.

पहिले काही दिवस आबा गळून गेले. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. डॉक्टरीणबाईंनी ताकात मीठ घालून द्या सांगितलं, त्यानं बरं वाटलं. आकडा खाली यायला लागला, पण थोडा येऊन थांबला. रोज संध्याकाळी वर असायचा. आय फोनवर आकडा सांगायची आणि म्हणायची, बघ, उपाशी ठेवून काय मिळालं. आबा शपथेवर सांगत होते की त्यांनी भाकरीचा घास मोडलेला नाही.

रविवारी मी न सांगता गेले. आय पाठमोरी बसली होती आणि भाकरी अगदी रव्यासारखी बारीक कुस्करून आमटीत घालत होती.

मी काही बोलायच्या आधी तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "त्यास्नी दिसत न्हाई म्हणून घालती गं. डोळ्याला दिसली न्हाई तर न्हाई, पोटाला तरी कळू दे, बाईनं रांधलंय."

बाहेरनं, ओट्यावरनं आबांचा आवाज आला. "मला ठावं हाय." ते तिथनंच म्हणाले, "डोळं गेल्यात, जीभ न्हाई गेली. पयल्या दिसापास्नं ठावं हाय. पर तू परातीपुढं बसायची सोडलीस तर दिवसभर करचील काय, म्हणून खात हुतो."

माणसाला आपले डोळे परत पाहिजेत, ते मिळण्याची वाट एकच आहे, आणि तरी तो बायकोचं मन राखायला रोज एक वाटी आमटी निमूट पितो. हे मला कुठल्याच कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून आयनं परात सोडली नाही, पण परातीतलं बदललं. ती भाजीच्या मुटक्या करायला शिकली, मेथी आणि कांद्यात बांधण्यापुरतं डाळीचं पीठ. शेंगदाण्याचं कूट घालून पडवळ. अंड्याची तव्यावरची पोळी, भाकरीएवढी गोल, ती ताटाच्या उजव्या बाजूला वाढायची. रविवारी मटण. आबांसाठी चतकोर भाकरी डॉक्टरीणबाईंनीच मंजूर केली, ती आयनं कधी अर्धी होऊ दिली नाही. एकदा मीच म्हटलं थोडी वाढ, तर मलाच बोलली.

मग जे झालं ते मी शनिवार-रविवारी जाऊन डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहिते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. आबांच्या उशाशी पाण्याची कळशी असायची, रात्रीत ती संपायची आणि ते सारखे उठायचे. ती तहान गेली. तळपायांची आग व्हायची म्हणून ते पाय ओल्या पोत्यावर ठेवून झोपायचे. एक दिवस पोतं कोरडंच दाराला वाळत पडलेलं दिसलं. दुपारी जेवल्यावर डोळ्यांवर यायची ती गुंगी गेली, म्हातारा दुपारचा शेळ्यांमागं माळावर जायला लागला. पोट उतरलं आणि धोतराची गाठ आत सरकली. आणि सकाळचा आकडा उतरत होता. गोळ्या त्याच होत्या, उलट एक अर्धी झाली होती. नवीन औषध काहीच नव्हतं. फक्त ताटातली उजवी बाजू बदलली होती, आणि बरीच वर्षं बिघडत चाललेलं शरीर जणू याचीच वाट बघत होतं. मी विज्ञानाची बाई. मला याचं कारण सांगता येतं, फळ्यावर काढून दाखवता येतं. कारण माहीत असलं तरी चकित होणं थांबत नाही.

मधे एकदा भीती वाटली. दुपारी माळावर आबांना दरदरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले, जीभ जड झाली. बरोबर आय होती म्हणून बरं. तोवर ती यंत्र बरोबर घेऊनच फिरायला लागली होती. आकडा फारच खाली होता. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावून ठेवल्याप्रमाणं तिनं कमरेच्या पिशवीतला गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला. थोड्या वेळानं ते सावरले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "बघितलंस? पास झालेला कामाला आला." आयनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती हसतही होती आणि रडतही होती. मी मात्र लगेच गाडी धरली. डॉक्टरीणबाईंनी ती गोळी पूर्ण बंद केली. धान्य सोडल्यावर गोळी जड होते, हे त्यांनी सांगितलं होतंच, पण ते वाक्य आणि कापणारा बाप यांत फार अंतर असतं. कुणी हे वाचून मनानं काही करायला जाईल म्हणून सांगते, डॉक्टरला धरूनच करा.

थोडं बरं वाटल्यावर आबा भावाकडं चार दिवस राहून आले. तिथं पुन्हा तोच चहा पुढं आला. आबांनी नको म्हटलं. शेतमालकाच्या कारभारणीनं विचारलं, "का वं बाबा, पोरगी शिकली म्हणून आमच्या च्याला नाक मुरडताय व्हय?"

आबा म्हणाले, "च्या कुनीबी देतंय. तुमच्या म्हशीचं ताक द्या, त्येची चव लांबवर ऐकलीया." तांब्याभर ताक आलं, वर लोण्याचा गोळा. जाताना तिनं धान्याच्या बदल्यात भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या, त्याही आबांनीच मागून घेतल्या होत्या. भाऊ म्हणतो, आता त्या पट्ट्यात आबा आले की लोक आधी ताक घुसळतात.

तिसऱ्यांदा सांगलीला गेलो. या खेपेला आयही बरोबर आली होती. रक्त दिलं, बाकावर बसलो. आयनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग आधीचा काढून शेजारी ठेवला, आणि विचारलं की इन्सुलिन चालू केलं का. मी नाही म्हटलं. कोणती नवीन गोळी? एक बंद केलीय, मी म्हटलं. त्यांनी खुर्ची मागं सरकवून आबांकडं बघितलं.

"काय केलंत बाबा?"

"भाकर सोडली," आबा म्हणाले. कुणी गाव सोडलं म्हणावं तशा आवाजात ते हे म्हणाले.

एका डोळ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. आबा टेबलावरनं चालत बाहेर आले, डोळ्याला पट्टी, तोंडावर थोडं हसू. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. तिथं रांगेनं म्हातारी माणसं बसली होती आणि एकेकाची पट्टी निघत होती. कुणी हात जोडत होतं, कुणी भिंतीकडंच बघत बसलं होतं. माझ्या मनात येत होतं, यातल्या किती जणांना साखरेसाठी परत पाठवलं असेल, आणि किती जण परत आलेच नसतील.

आबांची पट्टी निघाली. त्यांनी डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. डॉक्टरांनी बोटं दाखवली ती त्यांनी घाईनं सांगून टाकली, जसं काही ते काम नव्हतंच. मग ते माझ्याकडं वळले आणि माझ्या डोक्याकडं बघत राहिले.

"तुझं केस पांढरं कवा झालं गं?"

"लय दिवस झालं आबा."

"मला कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले, आणि माझ्या कानशिलावरची एक बट बोटानं सरळ केली.

मग त्यांनी आयकडं तोंड फिरवलं. तिच्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या आल्यात, कपाळावरचं गोंदण आत ओढलं गेलंय, पुढचा एक दात नाही, हे मी दर खेपेला बघत आले होते. आबांनी ते किती वर्षांत बघितलं नव्हतं कुणास ठाऊक. ते डोळा बारीक न करता, पाणी येत होतं तरी न पुसता, सगळं सावकाश बघत होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत. रांगेतली माणसं हसायला लागली. आय लाजली, पदर पुढं ओढून तोंड फिरवायला लागली.

"काय बघताय वं चार माणसांत?"

"गप बस की," आबा म्हणाले. "बघू दे."

आय पदर धरून तशीच बसली. मग तिनं तो हळूच मागं सारला, आणि त्यांच्याकडं तोंड करून बसून राहिली.